समजावून सांगायचं की नाही? मॉर्मन साहित्याबद्दल एका संपादिकेचं उत्तर

ताई म्हणून हाक मारून तुम्ही विचारलंय, की एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी आजचं मॉर्मन साहित्य, म्हणजे अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाच्या माणसांचं लेखन, घ्यायचं मनात आहे, पण मार्गदर्शक म्हणतात, ‘धर्मसंस्थेच्या आत बसून लिहिलेलं ते प्रचाराचं, बाहेर पडून लिहिलेलं ते सूडाचं, मधे काही असतं का?’ शिवाय सुरुवात कुठून करायची आणि सगळं बहुपत्नीत्वावरच असतं का, हेही विचारलंय.

मधे पुष्कळ काही असतं. माझं कामाचं बहुतेक आयुष्य त्या मधल्या जागेतच गेलं. माझं माहेर वाईचं. लग्न होऊन अमेरिकेत, मॉर्मन वस्तीच्या युटा राज्यात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, आणि त्यातली एकवीस वर्षं मी इथल्या लेखकांची हस्तलिखितं संपादित करते. मी स्वतः मॉर्मन नाही. शेजार मॉर्मन, मुलीच्या मैत्रिणी मॉर्मन आणि टेबलावर येणाऱ्या दहातल्या सात बाडांचे लेखक मॉर्मन, काही श्रद्धेनं आत असलेले, काही बाहेर पडलेले, काही दाराच्या चौकटीत उभे. इतक्या वर्षांनी माझं मत असं झालंय, की श्रद्धा की बंड, हा या साहित्याचा मुख्य पेच नव्हेच. मुख्य पेच आहे तो वाचक कोण, हा.

नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एका बाडाची गोष्ट सांगते. एका बाईंची कथा आली होती. नवरा गेलाय, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजतं आणि शेजारीण काचेचा ट्रे घेऊन उभी असते. वाक्य साधारण असं होतं: तिनं फ्युनरल पोटॅटोज आणले होते, म्हणजे किसलेले बटाटे, चीज, आंबट साय आणि सूप एकत्र करून वरून कॉर्नफ्लेक्सचा चुरा पसरून भट्टीत भाजलेला, मॉर्मन बायका मयताच्या घरी नेतात तो पदार्थ. मी ‘म्हणजे’खाली रेघ मारली. पुढचं सगळं कोण बोलतंय? ती विधवा तर नक्कीच नाही. तिनं आयुष्यभर असे शंभर ट्रे दुसऱ्यांच्या दारात पोचवले असतील. माझे आजोबा गेले तेव्हा शेजारच्या काकूंनी पिठलं-भाताचं पातेलं आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं. हा कडू घास, सुतकातल्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी देतात, असं त्या वेळी कुणी कुणाला समजावलं नव्हतं. पातेलं ठेवलं आणि काकू आईजवळ बसल्या.

लेखिकेचं म्हणणं, न्यूयॉर्कच्या प्रकाशकाला हे कळणार कसं? त्यावर आमची दोन महिने पत्रापत्री चालली. शेवटी तिनं ते सगळं स्पष्टीकरण काढलं आणि दोनच गोष्टी घातल्या: विधवा ट्रेच्या कोपऱ्यात करपून चिकटलेले कॉर्नफ्लेक्स नखानं सोडवत उभी राहते, आणि ट्रे धुऊन पालथा घातल्यावर त्याच्या बुडाला चिकटपट्टीवर शेजारणीचं नाव लिहिलेलं तिला दिसतं. भांडं परत करायचं म्हणजे घराबाहेर पडावं लागणार. कथा तिथून पुढे खरी चालायला लागली.

मॉर्मन लेखकाला हा काच सतत असतो, कारण त्याच्या समाजाची रोजची भाषाच दाट आहे. वॉर्ड म्हणजे काहीशे माणसांची स्थानिक मंडळी. बिशप म्हणजे पगार न घेता ती मंडळी सांभाळणारा, दिवसा दाताचा दवाखाना किंवा विम्याचं ऑफिस चालवणारा शेजारीच. मिशन म्हणजे मुलग्यांची दोन वर्षं आणि मुलींचे अठरा महिने, घरापासून लांब, कधी परक्या भाषेत. यातलं काहीच बाहेरच्याला ठाऊक नसतं. समजावून सांगितलं तर गद्य माहितीपत्रकासारखं होतं, न सांगितलं तर पुस्तक युटातल्या पाच गावांत फिरतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. त्याच वर्षी पाल्मायराच्या एका छापखान्यात ‘बुक ऑफ मॉर्मन’ या धर्मग्रंथाच्या ५,००० प्रती छापल्या गेल्या. १८४४ मध्ये जमावानं स्मिथ यांना ठार मारलं आणि १८४७ मध्ये ब्रिगम यंग अनुयायांना घेऊन सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. संस्थेचं नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नका, असं तिच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये आग्रहानं सांगितलं आणि जगप्रसिद्ध मॉर्मन टॅबरनॅकल कॉयरचंही नाव बदललं. साहित्यातली माणसं मात्र तो शब्द अजून वापरतात, कारण तो पंथासोबत एका संस्कृतीचंही नाव झालाय. लघुप्रबंधात कुठला शब्द का वापरलात, यावर एक तळटीप जरूर द्या.

आता जे कुठल्याच साहित्येतिहासात नीट आलेलं नाही आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते सांगते. या मंडळीत पगारी धर्मोपदेशक नसतो. रविवारचं प्रवचन कुणीतरी सभासदच देतो, कधी चौदा वर्षांची मुलगीसुद्धा. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो आणि ज्याला वाटेल तो उठून साक्ष देतो, म्हणजे आपल्या श्रद्धेबद्दल सगळ्यांसमोर बोलतो. मी शेजारणीबरोबर अशा पुष्कळ सभांना बसले आहे. एकदा एक ट्रकड्रायव्हर उठला, माईक वर ओढला, आणि किती तरी वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, मुलगा बोलत नाही माझ्याशी, आणि खाली बसला. पुढची बाई उठली ती पाकीट सापडल्याबद्दल देवाचे आभार मानायला. हे दोन्ही एकाच सुरात, एकाच माईकवर. रोजनिशी लिहायची शिकवण लहानपणापासून, गाणं चार सुरांत म्हणायची सवय लहानपणापासून. जुन्या वॉर्डांच्या इमारतींत प्रार्थनागृहाला लागून एक हॉल असतो, त्याच्या एका टोकाला रंगमंच आणि दोन्ही बाजूंना बास्केटबॉलची जाळी. तरुण मुलं तिथं छोटी नाटकं बसवत. म्हणजे लिहिणं, बोलणं, गाणं, नाचणं हे इथं प्रतिभावंतांचं राखीव काम कधीच नव्हतं. ब्रिगम यंग यांनी तर वाळवंटात येऊन पंधरा वर्षं होताहेत तोवर, १८६२ मध्ये, सॉल्ट लेकला मोठं नाट्यगृह उभं केलं होतं. तिथलं मंदिर पुरं व्हायला त्यानंतर एकतीस वर्षं लागली.

म्हणून ‘हे लेखन प्रचाराचं की कलेचं’ असं विचारण्याआधी साक्षीचा तो सूर कानात बसवून घ्या. प्रथमपुरुषी, कबुलीचा, मधेच अडखळणारा, शेवटी ठरलेल्या वाक्यावर येऊन थांबणारा. चांगला मॉर्मन निबंध त्या ठरलेल्या वाक्याच्या अलीकडे थांबतो. यूजीन इंग्लंड यांचे निबंध वाचाल तर हे लगेच दिसेल. त्यांनी आणि मित्रांनी १९६६ मध्ये स्टॅनफर्डला ‘डायलॉग’ नियतकालिक सुरू केलं. श्रद्धा न सोडता प्रश्न विचारायला तिथं पहिल्यांदा हक्काची जागा मिळाली. १९७६ मध्ये असोसिएशन फॉर मॉर्मन लेटर्स ही साहित्यसंस्था आली आणि समीक्षेला घर मिळालं.

त्याआधीचं दोन ओळींत. १८८८ मध्ये ऑर्सन व्हिटनी या धर्मनेत्यानं आपल्यातही मिल्टन आणि शेक्सपियर जन्मतील, असं भाषण केलं. त्यातून बोधपर ‘घरचं साहित्य’ आलं, ते आज अभ्यासापुरतं. १९४० च्या आसपासची पिढी युटा सोडून राष्ट्रीय प्रकाशकांकडे गेली, तिला समीक्षक ‘हरवलेली पिढी’ म्हणतात. तिच्यातली मॉरीन व्हिपल यांची ‘द जायंट जोशुआ’ (१९४१) एवढी तरी वाचाच. दक्षिण युटाच्या उजाड लाल मातीत वस्ती करणाऱ्या बहुपत्नीक कुटुंबातल्या तरुण बायकोची ती कादंबरी आहे, आणि त्यातल्या पाण्याच्या दुष्काळाची पानं माणदेशातल्या वाचकाला परकी वाटणार नाहीत.

बहुपत्नीत्वाचं विचारलंत. मुख्य संस्थेनं १८९० मध्ये ते थांबवल्याचं जाहीर केलं. आज ते पाळतात ते वेगळे झालेले छोटे गट. तरी बाहेरच्या प्रकाशकांना तोच विषय हवा असतो, कारण तो समजावून सांगावा लागत नाही, त्याबद्दल वाचकाच्या मनात चित्र आधीच तयार असतं. ब्रेडी युडॉल यांची ‘द लोन्ली पॉलिगॅमिस्ट’ (२०१०) चांगली कादंबरी आहे, पण मला मेलिसा लेलानी लार्सन यांचं ‘पायलट प्रोग्राम’ हे नाटक अधिक थेट वाटतं. नजीकच्या भविष्यात संस्था प्रायोगिक तत्त्वावर बहुपत्नीत्व परत आणते आणि एका सुशिक्षित, मूल नसलेल्या जोडप्याला त्यासाठी बोलावणं येतं, एवढीच कल्पना. २०१५ मध्ये सॉल्ट लेकच्या प्लॅन-बी थिएटरनं ते रंगमंचावर आणलं. आज्ञा आली तर आपण ऐकू का, हा प्रश्न आतल्या माणसालाच इतका टोचू शकतो. नाटक कुणाची बाजू घेत नाही, आणि कुणाला मोकळंही सोडत नाही.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणारे इतके मॉर्मन कसे, असं मला हमखास विचारतात. ऑर्सन स्कॉट कार्ड, स्टेफनी मायर, ब्रँडन सँडरसन. पंथाच्या विश्वकल्पनेत अनेक जगं आहेत हे कारण लोक देतात, आणि त्यात तथ्यही आहे. दुसरं कारण अगदी जमिनीवरचं: पंथाच्याच ब्रिगम यंग विद्यापीठात १९८० च्या दशकापासून या लेखनाचे वर्ग आणि नियतकालिक आहेत, वार्षिक परिसंवादही तिथंच सुरू झाला. सँडरसन ज्या वर्गात डेव्ह वुल्व्हर्टन यांच्याकडे शिकले तोच वर्ग पुढे स्वतः घेऊ लागले, आणि त्यांची व्याख्यानं कुणालाही फुकट ऐकता येतात. २०२२ मध्ये त्यांनी वाचकांकडून थेट वर्गणी मागितली तेव्हा चार पुस्तकांसाठी ४ कोटी १० लाख डॉलरहून जास्त जमले. पण संपादक म्हणून माझं उत्तर वेगळं आहे. काल्पनिक जगात प्रत्येक वाचक पाहुणाच असतो, त्यामुळे तिथं समजावून सांगणं हा कथेचा भागच होतो. वॉर्ड म्हणजे काय हे सांगताना अवघडणारा लेखक स्वतः रचलेल्या राज्याचे नियम मोकळेपणानं सांगतो. आज्ञापालन, वचन, निवड, त्याग हे सगळे घरचे प्रश्न तिथं दुसऱ्या कपड्यांत येतात.

सिनेमात हाच प्रयोग उलट्या बाजूनं झाला. २००० मध्ये रिचर्ड डचर यांनी लॉस एंजेलिसमधल्या तरुण मिशनऱ्यांवर ‘गॉड्स आर्मी’ काढला, थोडक्या पैशांत, आणि मंडळीच्या लोकांनी थिएटरं भरली. पहिल्यांदाच पडद्यावर आपली माणसं दिसत होती. मग फक्त युटातच कळतील अशा विनोदी चित्रपटांची लाट आली आणि काही वर्षांत प्रेक्षक थकले. डचर पुढे पंथातूनच बाहेर पडले. ‘नेपोलियन डायनामाइट’ (२००४) मध्ये पंथाचा उल्लेखसुद्धा नाही, तरी आयडाहोतल्या त्या गावातली बोलण्याची, शिव्या न देण्याची, लाजण्याची पद्धत इथला माणूस क्षणात ओळखतो. काहीही न समजावता तो जगभर चालला.

चित्रकलेपाशी मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तिथं हा पेच सुटलेला दिसतो. १८९० मध्ये संस्थेनं तरुण चित्रकारांना चक्क मिशनरी म्हणून पॅरिसला धाडलं, मंदिराच्या भिंती रंगवण्यासाठी चित्रकला शिकून या म्हणून. त्याच्याही आधी डॅनिश वंशाचे सी. सी. ए. क्रिस्टेनसेन पंथाच्या इतिहासाची तेवीस मोठी चित्रं एकमेकांना शिवून, गुंडाळी करून, गाडीतून गावोगाव नेत आणि दिव्याच्या उजेडात एकेक उलगडत कथा सांगत. पिंगुळीच्या चित्रकथ्यांची पोथी पाहिलेल्या माणसाला त्या गुंडाळीपुढे उभं राहिलं की घरी आल्यासारखं वाटतं.

आणि मिनर्व्हा टायशर्ट. वायोमिंगमधल्या कोकव्हिल या खेड्यात गुरं-दूध-मुलं सांभाळत या बाई घराच्या बैठकीच्या खोलीत भिंतीएवढे कॅनव्हास रंगवत. न्यूयॉर्कला चित्रकार रॉबर्ट हेन्री यांच्याकडे शिकल्या होत्या, आणि तुमच्या लोकांची गोष्ट रंगवा, असं त्यांनीच सांगितलं होतं. खोली लहान, मागे सरकायला जागा नाही, म्हणून चित्र लांबून कसं दिसेल हे पाहायला त्या दुर्बीण उलटी धरून बघत. ‘बुक ऑफ मॉर्मन’वरची बेचाळीस चित्रं हयातीत विकली गेली नाहीत, शेवटी १९६९ मध्ये त्यांनी ती ब्रिगम यंग विद्यापीठाला देऊन टाकली. त्याच काळात संस्थेनं आर्नल्ड फ्रायबर्ग यांची पिळदार दंडांच्या वीरांची चित्रं लाखो पोथ्यांत छापली. टायशर्ट यांच्या चित्रांत बायका आहेत, मागे धावणारी मुलं आहेत, सुकल्यासारखे फिके रंग आहेत. मला विचाराल तर मॉर्मन चित्रकलेची खरी वाट तिथून निघते.

ती वाट ब्रायन कर्शिस्निक यांच्या ‘नेटिव्हिटी’ या २००६ च्या चित्रापर्यंत येते. प्रोव्हो गावी ब्रिगम यंग विद्यापीठाच्या संग्रहालयात ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ बाकावरून उठले नाही. येशूचा जन्म नुकताच झालाय. वरून, मागून, बाजूनं देवदूतांची झुंबड लोटली आहे, त्यांना पंख नाहीत, ते गल्लीतल्या माणसांसारखे दिसतात आणि बाळ बघायला माना वाकवताहेत. दोन सुइणी आहेत. जोसेफनं हात तोंडावर नेलाय, बाळंतपणाच्या खोलीबाहेर उभ्या बापासारखा. आणि खाली एक कुत्री, पिल्लांसकट. देवदूतांकडे लक्ष गेलंय ते तिचं. यात कुठलीही गोष्ट मॉर्मन म्हणून समजावलेली नाही, पण देवदूत हे आपल्यासारखेच, आपलेच नातलग, हा विश्वास त्या झुंबडीत आहे.

कवितेत ही ऊब बायकांनी आणली. स्वर्गात पित्याबरोबर माताही आहे ही श्रद्धा एलायझा स्नो यांच्या १८४५ च्या कवितेत आली आणि ते गीत आजही गातात, पण त्या मातेबद्दल मोठ्यानं बोलणं दीड शतक अवघडच राहिलं. २०१८ च्या ‘डव्ह साँग’ या संकलनात या एकाच विषयावरच्या कविता आहेत. विठोबाला माउली म्हणणाऱ्या आपल्या कानाला त्यातलं धाडस एकदम जाणवत नाही. तुमच्या वाचनात ते निसटू देऊ नका.

त्या अवघडलेपणाला किंमत होती, हे लपवून उपयोग नाही. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये सहा अभ्यासक-लेखकांवर संस्थेनं शिस्तीची कारवाई केली, त्यातल्या पाच जणांना बाहेर काढलं. त्यानंतरची काही वर्षं माझ्या ओळखीचे लोक अजून दबक्या आवाजात आठवतात. काही लेखक गेले, काहींनी लिहिणं थांबवलं. तुमच्या मार्गदर्शकांची शंका याच काळातून आलेली असणार आणि ती खोटी नाही. पण त्याच माणसांच्या बहिणी, विद्यार्थी, शेजारी लिहीत राहिले, आणि माझ्याकडे बाडं येत राहिली.

आज पंथाचे निम्म्याहून अधिक सभासद अमेरिकेबाहेर आहेत, साहित्य मात्र अजून युटाच्या इंग्रजीत अडकलंय. ते सोडवणाऱ्यांत मला जेम्स गोल्डबर्ग महत्त्वाचे वाटतात. त्यांचं आजोळ शीख पंजाब्यांचं, दुसरीकडून ज्यू वारसा, आणि त्यांच्या ‘द फाइव्ह बुक्स ऑफ जीझस’ (२०१२) मधला येशू मला आपल्याकडच्या एखाद्या कीर्तनकारासारखा रस्त्यावरून चालताना दिसतो. अगदी लहान लेखनाच्या ‘मॉर्मन लिट ब्लिट्झ’ या स्पर्धेमागेही तेच आहेत. मराठी मुलखाशी पंथाचा दुवा मात्र जुना आहे: १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा मिशनरी मुंबईला उतरला आणि पुण्यालाही त्यानं छोटी मंडळी जमवली होती. ती टिकली नाही. पुण्यात असाल तर त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या फायली चाळायला हरकत नाही.

आता वाचनाचा क्रम. पहिलं टेरी टेम्पेस्ट विल्यम्स यांचं ‘रेफ्यूज’ (१९९१): ग्रेट सॉल्ट लेकचं पाणी चढतंय, पक्ष्यांचं अभयारण्य बुडतंय आणि आई कर्करोगानं जातेय. मग लेव्ही पीटरसन यांची ‘द बॅकस्लायडर’ (१९८६), पापाच्या भीतीनं पोखरलेल्या एका काउबॉयची, आतल्यांसाठी लिहिलेली आणि म्हणूनच सगळ्यांची. मग अँजेला हॉलस्ट्रॉम यांनी संपादित केलेलं कथासंकलन ‘डिस्पेन्सेशन’ (२०१०). वाचताना पेन्सिल हातात ठेवा. निवेदक जिथं बाहेरच्यासाठी थांबून समजावतो तिथं समासात एक खूण करा, आणि जिथं समजावायला हवं होतं पण समजावलं नाही तिथं दुसरी. तीन पुस्तकांच्या खुणा शेजारी ठेवल्यात की लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथंच उभं राहील. ‘द बॅकस्लायडर’मध्ये पहिली खूण कितव्या पानावर झाली ते मला जरूर कळवा. माझ्या प्रतीत ती फार उशिरा आहे.